स्टँडर्ड यूजरच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवताना: ॲडमिनचे अधिकार कोणाच्या नावाने आणि किती वेळ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात तीस-चाळीस संगणक असलेल्या कंपनीत त्यांची देखभाल पाहणारा माणूस बहुधा एकटाच असतो आणि कित्येक ठिकाणी तोही एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, येऊन-जाऊन असतो. अशा कार्यालयात कर्मचाऱ्यांची विंडोज खाती स्टँडर्ड यूजर या मर्यादित अधिकारांच्या प्रकारची ठेवावीत, हे आता सगळ्यांनाच मान्य आहे. अडते ते नवीन सॉफ्टवेअर बसवण्याची वेळ आल्यावर. वीस तारखेला जीएसटीचे रिटर्न भरायचे असते, डिजिटल सहीचे साधन बसलेले नसते, आणि मग घाईघाईत कोणीतरी हिशेब विभागातल्या माणसाला 'तात्पुरते' ॲडमिन, म्हणजे संगणकाचे सर्व अधिकार असलेला यूजर, करून टाकते. ते तात्पुरते पुढे दोन वर्षे तसेच राहते.

या लेखात विंडोज 10 आणि 11 यांवर ॲडमिनच्या अधिकाराने, पण स्टँडर्ड यूजरच्या वापरासाठी, सॉफ्टवेअर कसे बसवावे हे क्रमाने मांडले आहे. एक गोष्ट मात्र आधीच पक्की समजून घ्यावी. स्टँडर्ड यूजरच्या पडद्यावर यूएसीची (संगणकात बदल होण्यापूर्वी परवानगी विचारणाऱ्या विंडोजच्या सोयीची) खिडकी आली आणि आपण तेथे ॲडमिनचे नाव व पासवर्ड टाकला, तर त्या यूजरचे अधिकार वाढत नाहीत. तो प्रोग्राम दुसऱ्याच खात्याच्या नावाने सुरू होतो. लॉगिन स्वतः ॲडमिनचे असेल तर यूएसी केवळ होकार विचारते आणि प्रोग्राम त्याच माणसाच्या नावाने चालतो. येथे मात्र माणूसच बदलतो. विंडोज व्हिस्टापासून ही व्यवस्था चालत आली आहे. 'मी तर बसवले होते, पण त्याला दिसतच नाही' या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

इन्स्टॉलरला हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम, या कामाला ॲडमिनचे अधिकार खरोखर लागतात का, हे पाहावे. मराठी टंकलेखनासाठी विंडोजमधील इनस्क्रिप्ट कळफलक हवा असेल, तर भाषेच्या सेटिंगमधून स्टँडर्ड यूजर तो स्वतः जोडू शकतो. फॉन्टचेही तसेच आहे: विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून फॉन्ट फक्त स्वतःच्या खात्यापुरता बसवता येतो आणि 'सर्व यूजरसाठी' हा पर्याय निवडला तरच ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. एकाच संगणकावर दोन पाळ्यांत दोन माणसे बसत असतील तर हा दुसरा पर्याय घ्यावा, एरवी त्याची गरज नाही.

त्यानंतर परवाना पाहावा. संकेतस्थळावर 'फ्री' लिहिलेले असले, तरी ते कंपनीसाठी फुकट असतेच असे नाही. टीमव्ह्यूअरची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे; ओरॅकलने जावाच्या व्यावसायिक वापराचे नियम 2019 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बदलले. 'मशीनवर टाकून द्या, नंतर बघू' असे साहेबांनी म्हटले, तरी परवान्याची जबाबदारी शेवटी कंपनीच्याच नावावर राहते, म्हणून सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, कोणासाठी आणि कोणाच्या मंजुरीने, एवढे चार तपशील ईमेलवर मागवून घ्यावेत. तोंडी विनंतीवर इन्स्टॉलर चालवू नये.

फाइल आणणे आणि ती खरी आहे याची खात्री

इन्स्टॉलर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. शोधयंत्रात पहिल्या क्रमांकावर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो, आणि सहीच्या टोकनचे (डिजिटल सही साठवणाऱ्या यूएसबी साधनाचे) ड्रायव्हर किंवा प्रिंटरचे ड्रायव्हर शोधताना भलत्याच डाउनलोड स्थळावर जाऊन पोहोचण्याचा धोका सर्वांत जास्त. फाइल आल्यावर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब उघडून सही कोणाची आहे आणि ती वैध आहे का, हे पाहावे. निर्मात्याने एसएचए-256 हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) दिला असेल, तर पॉवरशेलमधून आपल्या फाइलचा हॅश काढून दोन्ही ताडून पाहावेत. यूएसीच्या खिडकीतही प्रकाशकाचे नाव दिसते. तेथे 'अननोन' आले आणि खिडकी पिवळी दिसली, तर पासवर्ड टाकण्यापूर्वी थांबावे.

फाइल कोठून चालवायची, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण ते महत्त्वाचे आहे. यूजरच्या डाउनलोड्स फोल्डरमधून ॲडमिनच्या अधिकाराने इन्स्टॉलर चालवू नये. पुष्कळसे इन्स्टॉलर सुरू होताना आपल्याच फोल्डरमधील डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या जोड-कोडच्या) फाइली शोधतात, आणि त्या फोल्डरमध्ये यूजरच्या हातून, किंवा त्याला नकळत, एखादी वाईट डीएलएल येऊन पडली असेल तर ती ॲडमिनच्या नावाने चालते. सी ड्राइव्हवर नवे फोल्डर करून भागेल असे वाटते, पण तेथे केलेल्या फोल्डरमध्ये स्टँडर्ड यूजरलाही लिहिण्याची परवानगी मुळातूनच मिळते. तेव्हा त्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जाऊन ती काढून टाकावी आणि केवळ वाचण्याची ठेवावी.

मशीनसाठी की माणसासाठी

विंडोजवरील सॉफ्टवेअर दोन प्रकारे बसते. मशीनसाठी बसणारे सॉफ्टवेअर आपल्या फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवते, रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या) लोकल मशीन या शाखेत नोंदी करते आणि संगणकावर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिसते. या दोन्ही ठिकाणी लिहिण्यासाठी ॲडमिनचा अधिकार लागतो. माणसासाठी बसणारे सॉफ्टवेअर त्या माणसाच्या प्रोफाइलमधील ॲपडेटा फोल्डरमध्ये जाते आणि करंट यूजर या शाखेत नोंदी करते. त्याला ॲडमिनचा अधिकार लागत नाही, पण ते इतर कोणाला दिसतही नाही.

आता वर सांगितलेली गोष्ट येथे लावून पाहावी. माणसासाठी बसणाऱ्या इन्स्टॉलरवर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडले आणि ॲडमिनचा पासवर्ड टाकला, की त्या क्षणी तो 'माणूस' म्हणजे ॲडमिन होतो. सॉफ्टवेअर ॲडमिनच्या ॲपडेटामध्ये जाऊन बसते, शॉर्टकट ॲडमिनच्या डेस्कटॉपवर उमटतो, इन्स्टॉलर 'यशस्वी' असे सांगतो, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्याच्या स्टार्ट मेनूत काहीच नसते. म्हणून इन्स्टॉलर निवडतानाच हा प्रश्न सोडवावा. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचे यूजर इन्स्टॉलर आणि सिस्टिम इन्स्टॉलर असे दोन वेगळे इन्स्टॉलर मिळतात. कंपनीच्या संगणकासाठी सिस्टिमवाला घ्यावा. क्रोमचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसीला नकार मिळाला तर निमूटपणे यूजरच्या प्रोफाइलमध्ये बसण्याची तयारी दाखवतो. त्याऐवजी एंटरप्राइजसाठी दिलेली एमएसआय (विंडोजच्या ठरावीक इन्स्टॉलर स्वरूपातली) फाइल वापरावी. फायरफॉक्सचीही एमएसआय मिळते.

इन्स्टॉलरने 'फक्त माझ्यासाठी' आणि 'सर्वांसाठी' असा प्रश्न विचारला तर दुसरा पर्याय निवडावा, हे ओघानेच आले. तो प्रश्न विचारत नसेल आणि फाइल एमएसआय असेल, तर आज्ञेत ऑलयूजर्स या गुणधर्माची किंमत 1 देता येते. एखाद्या निर्मात्याने माणसासाठीचाच इन्स्टॉलर दिला असेल, तर तो यूजरच्याच लॉगिनमधून, ॲडमिनचा पासवर्ड न टाकता चालवावा. ॲडमिनने उगाच मध्ये पडू नये.

सहीचे टोकन वापरणाऱ्यांकडे हाच प्रकार जरा फसव्या रूपात दिसतो. टोकनचा ड्रायव्हर मशीनसाठी बसतो आणि त्याला ॲडमिन लागतो, येथपर्यंत ठीक. सहीचे साधनही ॲडमिनने बसवावे, पण बसवून झाल्यावर शेवटच्या पडद्यावरील 'आता सुरू करा' या चौकोनातली खूण काढून टाकावी, कारण ती राहिली तर ते साधन ॲडमिनच्या नावाने सुरू होते. अशा वेळी टोकन यूएसबीत लावलेले असते, दिवाही लागलेला असतो, आणि यादीत सर्टिफिकेट मात्र येत नाही. विंडोज टोकनमधील सर्टिफिकेट लॉगिन केलेल्या माणसाच्या संचात आणून ठेवते आणि साधन मात्र ॲडमिनच्या संचात शोधत असते. टोकन खराब झाले असे समजून ते बदलून आणण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये ते साधन कोणत्या यूजरच्या नावाने चालू आहे, हे पाहावे; ॲडमिनचे नाव दिसले तर ते बंद करून यूजरच्या स्टार्ट मेनूतून पुन्हा सुरू करावे.

प्रत्यक्ष बसवणे

कोणत्या खात्याचा पासवर्ड टाकायचा, हा पहिला प्रश्न. डोमेन ॲडमिनचे, म्हणजे कंपनीचे सर्व संगणक एकत्र सांभाळणाऱ्या केंद्रीय व्यवस्थेच्या ॲडमिनचे, खाते यासाठी कधीही वापरू नये. ज्या संगणकावर त्याचा पासवर्ड टाकला जातो, त्याच्या स्मृतीत त्या खात्याच्या ओळखीचे तपशील काही काळ राहतात, आणि तो संगणक आधीच बाधित असेल तर एका प्रिंटर ड्रायव्हरच्या निमित्ताने सगळे नेटवर्क हातचे जाऊ शकते. प्रत्येक संगणकावर एक स्थानिक ॲडमिन खाते असावे आणि त्याचा पासवर्ड प्रत्येक संगणकावर वेगळा असावा. डोमेन किंवा एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरील खात्यांची व्यवस्था) असेल, तर विंडोज लॅप्स (स्थानिक ॲडमिनचे पासवर्ड सांभाळणारी सोय) हे काम स्वतःच करते; एप्रिल 2023 च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच अंतर्भूत आहे, आणि पासवर्ड वापरल्यानंतर ठरावीक वेळाने तो आपोआप बदलण्याची सोयही त्यात आहे. डोमेन नसलेल्या छोट्या कार्यालयात हेच पासवर्ड मॅनेजर वापरून हाताने करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण सर्व मशीनवर कंपनीचे नाव आणि त्यापुढे 123 असा एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा बरे.

यूजरला उठवून आपण खुर्चीत बसलो असू, तर त्याला लॉगआउट करण्याची गरज नाही. इन्स्टॉलर सुरू करावा, यूएसीच्या खिडकीत स्थानिक खात्याचे नाव टाकताना आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी, नाहीतर विंडोज ते नाव डोमेनमध्ये शोधत बसते. इन्स्टॉलर नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर येथे आणखी एक अडथळा येतो: यूजरला दिसणारा झेड ड्राइव्ह ॲडमिनच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला दिसत नाही, कारण ड्राइव्हची जोडणी लॉगिनपुरती असते. सर्व्हरच्या नावाचा पूर्ण मार्ग दिला तरी स्थानिक ॲडमिनला सर्व्हरवर परवानगी नसतेच. म्हणून फाइल आधी त्या संगणकावरील सुरक्षित फोल्डरमध्ये आणून मगच चालवावी.

दुरून मदत करताना, म्हणजे आपण ठाण्यात आणि यूजर बेलापूरच्या शाखेत असताना, क्विक असिस्टवर यूएसीची खिडकी आली की आपला पडदा काळा होतो. ती खिडकी सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते आणि तो डेस्कटॉप दुसऱ्या प्रोग्रामला दिसू नये, हाच तर त्यामागचा हेतू आहे. अशा वेळी यूजरला फोनवर पासवर्ड सांगण्याचा मोह होतो. सांगावाच लागला तर तो लॅप्सचा असावा आणि काम होताच लगेच बदलावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला पासवर्ड कायमचा तेथेच राहतो, हे वेगळे सांगायला नको.

एमएसआय फाइल असेल, तर ॲडमिनच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून एमएसआयएक्झेक या विंडोजच्या आज्ञेने ती शांतपणे, म्हणजे एकही खिडकी न दाखवता, बसवता येते. सोबत तपशीलवार लॉग लिहून घेण्याचा पर्याय अवश्य द्यावा. संपल्यावर मिळणाऱ्या आकड्यांपैकी चार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 0 म्हणजे काम झाले; 3010 म्हणजे काम झाले, पण संगणक पुन्हा सुरू करावा लागेल; 1618 म्हणजे दुसरे कोणते तरी इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, थोडे थांबावे; आणि 1603 म्हणजे काहीतरी गंभीर बिघडले. 1603 या आकड्यावरून कारण कळत नाही, पण लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू 3' हे शब्द इंग्रजीत शोधले, की त्याच्या थोड्या वरच्या ओळींत खरे कारण बहुधा सापडते.

प्रिंटरविषयी थोडेसेच. जुलै 2021 मध्ये 'प्रिंट नाइटमेअर' या नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली आणि पुढच्याच महिन्याच्या अपडेटपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनचा अधिकार सक्तीचा झाला. ही सक्ती रजिस्ट्रीत बदल करून काढून टाकण्याचे सल्ले मिळतात. ते ऐकू नयेत. कार्यालयातील प्रिंटरचे ड्रायव्हर सर्व संगणकांवर आधीच बसवून ठेवावेत.

रोज ॲडमिन मागणारे हट्टी प्रोग्राम

बसवताना ॲडमिन लागणे समजण्यासारखे आहे, पण काही जुनी हिशेबाची, पगारपत्रकाची किंवा यंत्राला जोडायची सॉफ्टवेअर दररोज सुरू होतानाही ॲडमिन मागतात. विक्रेता सांगतो की यूजरला ॲडमिन करा, म्हणजे प्रश्न मिटेल. प्रश्न त्याचा मिटतो, आपला सुरू होतो. बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरला एखाद्याच फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीच्या एखाद्याच कप्प्यात (की) लिहायचे असते, आणि ते ठिकाण शोधून तेवढीच परवानगी देणे हा खरा उपाय आहे.

त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन ॲडमिनच्या नावाने सुरू करावे, त्यात केवळ त्या प्रोग्रामचे नाव आणि 'ॲक्सेस डिनाइड' हा निकाल अशी चाळणी लावावी, आणि मग तो प्रोग्राम स्टँडर्ड यूजरच्या नावाने चालवावा. ज्या ओळी उमटतील त्यांतल्या सगळ्याच दोषी नसतात, पण प्रोग्राम फाइल्समधील त्याच्याच फोल्डरात एखादी सेटिंगची किंवा डेटाची फाइल लिहिण्याचा प्रयत्न वारंवार दिसला तर चोर सापडला. डेटा हलवता येत असेल तर तो प्रोग्रामडेटामध्ये किंवा सर्व्हरवर न्यावा. हलवता येत नसेल तर त्या एका उपफोल्डरवर यूजर गटाला मॉडिफायची परवानगी द्यावी. ज्या फोल्डरमध्ये एक्सई (चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइली) आणि डीएलएल आहेत तेथे ती कदापि देऊ नये, नाहीतर कोणीही त्या फाइलींच्या जागी आपली फाइल ठेवू शकतो.

येथे एक चमत्कारिक प्रकार ठाऊक असावा. जुन्या 32 बिट प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता आले नाही, तर विंडोज कधीकधी त्याला नकार न देता ती फाइल यूजरच्या ॲपडेटामधील व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये गुपचूप लिहू देते. प्रोग्रामला वाटते की आपण हव्या त्या जागी लिहिले. परिणाम असा की, सकाळच्या आणि दुपारच्या पाळीतील दोघे एकाच संगणकावर एकच सॉफ्टवेअर उघडतात आणि त्यांना साठ्याचे वेगवेगळे आकडे दिसतात. आकडे जुळत नाहीत म्हणून माणसांवर संशय घेण्याआधी हे फोल्डर उघडून पाहावे.

दोन पळवाटा मात्र पूर्णपणे टाळाव्यात. रनॲज या आज्ञेला पासवर्ड जपून ठेवायला सांगून शॉर्टकट करून देणे, ही पहिली. जपलेला तो पासवर्ड वापरून यूजर केवळ तेच नव्हे, कोणताही प्रोग्राम ॲडमिनच्या नावाने चालवू शकतो. दुसरी म्हणजे ग्रुप पॉलिसीतील (संगणकांना आणि यूजरना नियम लावण्याच्या विंडोजच्या सोयीतील) 'ऑलवेज इन्स्टॉल विथ एलिव्हेटेड प्रिव्हिलेजेस'. ती संगणक आणि यूजर अशा दोन्ही बाजूंनी चालू केली की कोणतीही एमएसआय सर्वोच्च अधिकाराने बसते, मग ती कोणीही बनवलेली असो.

तपासणी आणि नोंद

बसवून झाल्यावर चाचणी यूजरच्या लॉगिनमधून घ्यावी. ॲडमिनच्या लॉगिनमध्ये ते चालते, यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकदा संगणक पुन्हा सुरू करून यूजरला स्वतःच्या हाताने ते उघडायला, एक फाइल जपायला, एक छापायला आणि एक पीडीएफ काढायला सांगावे, आणि कोठेही यूएसीची खिडकी येत नाही ना, हे पाहावे.

पुढच्या अपडेटचा विचारही त्याच वेळी करावा. क्रोम आणि फायरफॉक्स मशीनसाठी बसवले, तर त्यांच्या पार्श्वभूमीवरील सेवा अपडेट आणतात आणि यूजरला पासवर्ड लागत नाही. ज्या सॉफ्टवेअरकडे अशी सेवा नाही, त्याची यादी करून महिन्यातून एक दिवस ठरवावा.

इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआयइन्स्टॉलर या स्रोताखाली 11707 ही यशाची आणि 11708 ही अपयशाची नोंद मिळते. कंपनीच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये मात्र तारीख, संगणक, आवृत्ती आणि मंजुरी स्वतःच लिहावी. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. कोणत्या संगणकावर काय आणि केव्हा बसले हे माहीत नसेल, तर सहा तास पुरत नाहीत.

संगणक जास्त असतील तेव्हा

ऐरोलीतल्या एका मजल्यावर दोनशे संगणक असतील, तर खुर्चीखुर्चीशी जाऊन पासवर्ड टाकणे हा मार्गच नव्हे. डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीतून एमएसआय संगणकाला नेमून देता येते. मग ती संगणक सुरू होताना, कोणी लॉगिन करण्यापूर्वी, बसते. मात्र ती जेथे ठेवली आहे त्या शेअरवर संगणकांच्या खात्यांना वाचण्याची परवानगी हवी, केवळ माणसांच्या नव्हे, कारण त्या वेळी लॉगिन केलेला माणूसच नसतो. कधीकधी दोनदा रिस्टार्ट केल्यावर ती बसते. बिघडले असे लगेच समजू नये. एक्सई फाइली या मार्गाने जात नाहीत.

इंट्यून (क्लाउडवरून संगणक सांभाळण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) घेतलेले असेल तर एक्सईही पाठवता येते आणि कंपनी पोर्टलमध्ये मंजूर सॉफ्टवेअरची यादी ठेवून यूजरला हवे ते स्वतः निवडू देता येते. येथे बसवणारे खाते सहसा सिस्टिम हे विंडोजचे स्वतःचे खाते असते. सिस्टिमलाही स्वतःचे प्रोफाइल असते, विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरच्या पोटात, आणि माणसासाठीचा इन्स्टॉलर चुकून या मार्गाने पाठवला की सॉफ्टवेअर तेथे जाऊन पडते. अहवालात मात्र हिरवी खूण दिसते. म्हणून यशाची ओळख ठरवताना प्रोग्राम फाइल्समधील नेमकी एक्सई आणि तिची आवृत्ती यांवर बोट ठेवावे. विंगेट (आज्ञा देऊन सॉफ्टवेअर बसवण्याचे विंडोजचे साधन) वापरताना व्याप्ती 'मशीन' अशी स्पष्ट लिहावी, तीही याच कारणासाठी.

जुन्या संगणकांवर हे सुरू करण्यापूर्वी प्रत्येक संगणकाच्या ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात कोण कोण आहे, हे एकदा काढून पाहावे आणि पूर्वी 'तात्पुरते' घातलेली नावे काढून टाकावीत. गटातून नाव काढले तरी चालू लॉगिनला जुने अधिकार राहतात, कारण अधिकारांचा शिक्का लॉगिनच्या वेळी बसतो. त्यामुळे त्या यूजरला लॉगआउट करून पुन्हा आत यायला सांगावे. त्याने आधी स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बसवलेल्या प्रती, जसे की क्रोमची जुनी प्रत, त्याच्याच लॉगिनमधून काढाव्यात, आणि मगच मशीनसाठीची प्रत बसवावी.